म्वालिमू आणि त्यांचे शेजारी

जून १९६०. इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबात, स्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांची परिषद भरली होती. टांगानिकाचे स्वातंत्र्य तेव्हा हाकेच्या अंतरावर आले होते. ब्रिटिशांशी बोलणी सुरळीत चालली होती. गोळीबार नाही, जंगलातले बंड नाही, फक्त तारीख ठरायची बाकी होती. अशा वेळी या देशाच्या ३८ वर्षांच्या पुढाऱ्याने जाहीर केले, की केनिया आणि युगांडा हे शेजारी आमच्याबरोबर एका संघराज्यात येणार असतील, तर आमचे स्वातंत्र्य काही काळ लांबणीवर टाकायला आम्ही तयार आहोत. स्वातंत्र्य लवकर मिळावे म्हणून घाई करणारे पुढारी इतिहासात पुष्कळ सापडतात. शेजाऱ्यांसाठी ते अडवून धरायला निघालेला दुसरा पुढारी चटकन आठवत नाही.

या पुढाऱ्याचे नाव ज्युलियस कांबारागे न्येरेरे. पुढे १९ वर्षांनी त्यांच्याच फौजा युगांडाच्या राजधानीत शिरल्या. केनियाला लागून असलेली सरहद्द तर त्याआधी दोन वर्षांपासून त्यांनीच बंद केलेली होती. एका सज्जन माणसाच्या आयुष्यात हे कसे घडले, याची ही गोष्ट आहे.

व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेला बुटियामा नावाचे गाव आहे. झनाकी या लहानशा जमातीच्या सरदाराच्या घरी १३ एप्रिल १९२२ रोजी न्येरेरे यांचा जन्म झाला. सरदाराला २२ बायका होत्या. ज्युलियसची आई मुगाया ही त्यांतली पाचवी. वडिलांचे नाव न्येरेरे, म्हणजे झनाकी भाषेत सुरवंट. ज्या वर्षी ते जन्मले त्या वर्षी शेतांवर अळीची धाड पडली होती. मुलगा जन्मला तेव्हा पाऊस कोसळत होता, म्हणून त्याला पावसाच्या दैवताचे नाव मिळाले, कांबारागे. ज्युलियस हे नाव पुढे १९४३ मध्ये कॅथलिक पंथाची दीक्षा घेताना आले. बारा वर्षांचा होईपर्यंत हा मुलगा गुरे-शेरडे राखत होता. मग मुसोमाची शाळा, तिथून टाबोराचे सरकारी विद्यालय आणि पुढे कंपालाचे मकेरेरे कॉलेज.

मकेरेरे होते युगांडात, पण ते सगळ्या पूर्व आफ्रिकेचे कॉलेज होते. केनियाची मुले, टांगानिकाची मुले, झांझिबारची मुले तिथे एकाच वसतिगृहात राहत, एकाच वर्गात बसत. पूर्व आफ्रिका एक आहे ही गोष्ट न्येरेरे यांना पुस्तकात वाचावी लागली नाही. विशीत असताना ते त्या एकीतच राहिले होते, आणि त्यांच्या पुढच्या हट्टाचे मूळ बहुधा इथेच आहे.

पुढे ते एडिंबरा विद्यापीठात गेले आणि १९५२ मध्ये एम. ए. होऊन परतले. दार-ए-सलामजवळ पुगू येथील मिशनरी शाळेत मास्तर झाले. दिवसा वर्ग आणि संध्याकाळी संघटना, असा त्यांचा क्रम होता. ७ जुलै १९५४ रोजी त्यांनी टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियन, म्हणजे ‘टानू’, हा पक्ष स्थापन केला. नोकरी आणि राजकारण यांतले एक निवडण्याची वेळ आली, तेव्हा १९५५ मध्ये त्यांनी शाळा सोडली. मास्तरकी मात्र सुटली नाही. स्वाहिली भाषेत म्वालिमू म्हणजे शिक्षक, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही लोक त्यांना म्वालिमूच म्हणत राहिले. राज्यकारभाराच्या धबडग्यात शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ स्वाहिलीत उतरवणारा हा राष्ट्राध्यक्ष होता.

९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला. आदिस अबाबातला देकार तसाच हवेत राहिला. युगांडा १९६२ च्या ऑक्टोबरात आणि केनिया १९६३ च्या डिसेंबरात स्वतंत्र झाला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ब्रिटिशांनी हे तीनही मुलुख एखाद्या एकत्र कुटुंबासारखे चालवले होते. रेल्वे एक, बंदरे एक, टपालखाते एक, विमान कंपनी एक, शिलिंग हे नाणेही एकच. पण एकत्र कुटुंबात कोठीच्या किल्ल्या कोणाकडे, हा प्रश्न असतोच. इथे त्या नैरोबीकडे होत्या. गोऱ्यांची वस्ती केनियात, त्यामुळे कारखाने केनियात, कचेऱ्या केनियात. माल केनियाने विकायचा आणि इतर दोघांनी घ्यायचा, अशी घडी बसून गेली होती. ती मोडायची तर तिघांचे राज्यच एक करावे, असे न्येरेरे यांना वाटत होते.

तसे घडण्याचा एक क्षण आला होता. ५ जून १९६३ रोजी नैरोबीत जोमो केन्याटा, मिल्टन ओबोटे आणि न्येरेरे या तिघांनी वर्षअखेरपर्यंत संघराज्य उभे करण्याचा संकल्प जाहीर केला. मग वाटाघाटी सुरू झाल्या आणि गाडी रुतली. परराष्ट्र धोरण कोणाचे, संयुक्त राष्ट्रसंघात खुर्ची एक की तीन, नागरिकत्व कोणी द्यायचे, अशा प्रश्नांवर युगांडा अडून बसला. ओबोटेंच्या घरात बुगांडाच्या राजाची, काबाकाची, डोकेदुखी होतीच. तिकडे घानाचे एन्क्रुमा या प्रादेशिक संघराज्याच्या विरोधात होते. त्यांना सगळ्या आफ्रिकेचे एकच राज्य एकदम हवे होते. आणि केन्याटांना स्वातंत्र्य हाती येताच घाई उरली नाही. खुर्ची मिळण्यापूर्वी ती वाटून घ्यायची तयारी दाखवणे सोपे असते. न्येरेरे यांनी स्वतःची खुर्ची पणाला लावून पाहिली होती, म्हणून त्यांना हा नकार जास्त लागला असावा.

१९६४ च्या जानेवारीने त्यांना आणखी एक धडा दिला. १२ तारखेला झांझिबार बेटावर रक्तरंजित क्रांती झाली आणि सुलतान पळाला. आठच दिवसांनी दार-ए-सलाममध्ये खुद्द न्येरेरे यांच्या सैन्याने पगारासाठी आणि ब्रिटिश अधिकारी हटवावेत म्हणून बंड केले. राष्ट्राध्यक्षांना दोन दिवस लपून राहावे लागले. त्याच आठवड्यात युगांडा आणि केनियाच्या पलटणीही बिथरल्या. तिन्ही सरकारांनी ज्या ब्रिटिशांना नुकताच निरोप दिला होता, त्यांचेच सैनिक बोलावले. न्येरेरे यांना हा अपमान फार झोंबला. त्यांनी आफ्रिकी ऐक्य संघटनेची तातडीची बैठक बोलावून ब्रिटिशांच्या जागी नायजेरियाची पलटण आणवली, आणि सैन्य नव्याने, पक्षाच्या मुशीत घडवले. झांझिबारच्या करुमे यांच्याशी बोलणी करून २६ एप्रिल १९६४ रोजी दोन्ही देश एक केले. त्याच वर्षी या जोडराष्ट्राला टांझानिया हे नाव मिळाले. तिघांचे संघराज्य हुकले, पण दोघांचे साधले. कुरबुरी असंख्य झाल्या. पण नव्या आफ्रिकेत स्वेच्छेने जुळलेली आणि टिकलेली दुसरी अशी जोडी सापडणे कठीण.

त्याच साली जुलैत कैरोला आफ्रिकी ऐक्य संघटनेची परिषद झाली. साहेबाने आखलेल्या सरहद्दी कितीही वेड्यावाकड्या असल्या तरी आता त्याच मानायच्या, असा ठराव तिथे मंजूर झाला. ठराव मांडला होता न्येरेरे यांनी. शेजाऱ्याच्या अंगणात पाय टाकायचा नाही, हा या संघटनेचा मूळ नियम. हा ठराव पुढे कागेरा नदीच्या काठी त्यांच्याकडे परत येणार होता.

संघराज्य नाही तर निदान सामायिक संसार तरी नीट मांडू, म्हणून ६ जून १९६७ रोजी कंपालात करार झाला आणि पूर्व आफ्रिकी समुदाय जन्माला आला. मुख्यालय टांझानियात अरुशाला, बंदरांचे दार-ए-सलामला, टपालाचे कंपालाला, रेल्वे आणि विमानांचे नैरोबीला. वाटणी दिसायला समजूतदार होती. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत न्येरेरे यांनी अरुशाचाच जाहीरनामा काढून बँका आणि मोठे धंदे राष्ट्राच्या मालकीचे केले होते. केनिया निघाला होता नेमक्या उलट्या दिशेने, खाजगी भांडवल, गोरे पर्यटक आणि लंडनशी दोस्ती यांच्या वाटेने. केनियात माणूस माणसाला खातो, असा टोमणा टांझानियातून मारला जाई. तुमच्याकडे खायलाच काही नाही, असे प्रत्युत्तर तिकडून येई. दोन्ही टोमण्यांत तथ्य होते, म्हणून ते बोचत.

२५ जानेवारी १९७१ रोजी ओबोटे राष्ट्रकुल परिषदेसाठी सिंगापूरला गेले असताना त्यांच्या सेनापतीने, इदी अमीनने, सत्ता बळकावली. ब्रिटन आणि इस्रायलला तेव्हा आनंदच झाला. केनियानेही पटकन जुळवून घेतले. न्येरेरे यांनी मात्र मान्यता नाकारली आणि ओबोटेंना दार-ए-सलाममध्ये आश्रय दिला. समुदायाचे सर्वोच्च मंडळ म्हणजे तीन राष्ट्राध्यक्षांची बैठक. अमीनच्या शेजारी आपण बसणार नाही, असे न्येरेरे यांनी ठरवल्यावर ती बैठक पुन्हा कधी भरलीच नाही. इथे त्यांच्या चाहत्यांनीही क्षणभर थांबावे. अमीन खुनी निघाला आणि न्येरेरे यांनी त्याला पहिल्यापासून ओळखले, हे खरेच. पण ज्या समुदायासाठी ते एकेकाळी स्वातंत्र्य लांबवायला निघाले होते, त्याची नाडी त्या रिकाम्या खुर्चीनेही बंद पडत गेली.

पुढच्याच वर्षी त्यांच्या हातून एक फसलेला डावही झाला. सप्टेंबर १९७२ मध्ये ओबोटेंचे हजारभर समर्थक टांझानियातून युगांडात घुसले. एका तुकडीला विमानाने थेट एंटेबीला नेण्याचा बेत होता. त्यासाठी पळवलेले विमान कोणाचे, तर तिन्ही देशांच्या सामायिक कंपनीचे. किलिमांजारो विमानतळावर उतरताना त्याचे टायर फुटले आणि बेत तिथेच संपला. जमिनीवरून गेलेली माणसे मारली गेली किंवा पांगली. म्बराराच्या बाजूने घुसलेल्यांत योवेरी मुसेवेनी नावाचा तरुण होता. तो वाचला, आणि १९८६ मध्ये युगांडाचा राष्ट्राध्यक्ष झाला. अमीनने बुकोबा आणि म्वांझा या टांझानियन गावांवर बॉम्ब टाकले. शेवटी सोमालियाच्या सियाद बार्रेंनी मध्यस्थी केली, मोगादिशूत समेट झाला आणि एकमेकांच्या शत्रूंना थारा न देण्याचे ठरले.

याच धामधुमीत, ऑगस्ट १९७२ मध्ये, अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. गुजराती व्यापारी, गोव्याचे कारकून आणि शिक्षक, पंजाबी कारागीर अशी पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली माणसे हातातल्या पेटीनिशी बाहेर पडली. आफ्रिकेतले बहुतेक पुढारी गप्प राहिले. हा उघड वर्णद्वेष आहे, असे म्हणणाऱ्या मोजक्यांत न्येरेरे होते. त्यांच्या मंत्रिमंडळात अमीर जमाल हे भारतीय वंशाचे अर्थमंत्री होते, ही शोभेची नेमणूक नव्हती. अर्थात हेही सांगितले पाहिजे, की १९७१ मध्ये न्येरेरे सरकारने भाड्याच्या इमारती ताब्यात घेतल्या, तेव्हा सर्वांत जास्त फटका बसला तो भारतीयांनाच, आणि तेही हजारोंनी निघून गेले. फरक इतकाच की कायदा कातडीचा रंग विचारत नव्हता. ज्याचे घर गेले त्याचे या फरकाने किती समाधान झाले असेल, कोण जाणे.

अमीनची दोस्ती-दुश्मनी तर ऋतूसारखी बदले. १९७२ मध्ये त्याने इस्रायलींना हाकलले आणि लिबियाच्या गडाफींचा हात धरला. १९७६ च्या प्रारंभी केनियाचा पश्चिम भाग आपलाच आहे, असे जाहीर केले. त्याच वर्षी ४ जुलैला एंटेबीवर छापा घालून ओलिसांना सोडवणारी इस्रायली विमाने परतताना नैरोबीत इंधन भरून गेली, आणि केनिया-युगांडाचे उरलेसुरले सौख्यही संपले. आता तिघांत कोणाचेच कोणाशी पटत नव्हते.

मग भाऊबंदकीचा तो ठरलेला शेवट आला. १९७७ च्या आरंभी सामायिक विमान कंपनी मोडली, आणि केनियाने आपली वेगळी कंपनी उभी केली. चिडलेल्या न्येरेरे यांनी फेब्रुवारीत केनियाची सरहद्द बंद केली. सेरेंगेटीच्या रानात आलेल्या केनियन पर्यटन कंपन्यांच्या गाड्या आणि छोटी विमाने अडकून पडली. जंगल एकच, हरणांचे कळप दरवर्षी सरहद्द ओलांडून जात-येत राहिले. माणसांना मात्र बंदी. केनियाच्या पर्यटकांना वळसा घालून आपल्याकडे यावे लागेल, हा टांझानियाचा हिशेब चुकला. पर्यटक केनियातच राहिले. ही सरहद्द तब्बल साडेसहा वर्षांहून अधिक काळ, नोव्हेंबर १९८३ पर्यंत, बंद होती. समुदायाच्या मालमत्तेची वाटणी व्हायला १९८४ उजाडले, आणि तीही एका स्विस मध्यस्थाने करून दिली.

ऑक्टोबर १९७८ च्या अखेरीस अमीनचे सैन्य टांझानियात घुसले. सरहद्द आणि कागेरा नदी यांच्यामधला सुमारे १,८०० चौरस किलोमीटरचा पट्टा त्यांनी घेतला, गावे लुटली, गुरे हाकून नेली, शेकडो माणसे मारली. १ नोव्हेंबरला अमीनने तो प्रदेश युगांडात सामील केल्याची घोषणा केली. सरहद्दी पवित्र आहेत हा ठराव ज्यांनी मांडला होता, त्यांच्याच दारात हे घडले. न्येरेरे यांनी अपेक्षा केली होती की आफ्रिकी ऐक्य संघटना निदान अमीनचा निषेध करील. संघटनेने दोघांनाही सबुरीचा सल्ला दिला. चोर आणि घरमालक यांना एकाच पंगतीत बसवणारा हा सल्ला त्यांना सहन होण्यासारखा नव्हता.

त्यांनी देश उभा केला. बस, ट्रक, शेतमाल वाहणाऱ्या गाड्या, सगळे सैन्याला दिले. ४० हजारांच्या आसपास असलेली फौज स्वयंसेवकांसह लाखाच्या घरात गेली. वर्ष संपेपर्यंत कागेराचा पट्टा मोकळा झाला. खरा प्रश्न तेव्हा उभा राहिला. आता थांबायचे की पुढे जायचे? नियमाप्रमाणे थांबायला हवे होते. पण थांबले तर अमीन पुन्हा येणार, आणि नदीपलीकडे तो स्वतःच्या माणसांना मारीतच राहणार. जानेवारी १९७९ मध्ये टांझानियन सैन्य युगांडात शिरले. मसाका पडले, म्बरारा पडले. अमीनच्या मदतीला लिबियाचे सैनिक विमानांनी उतरले. मोझांबिकच्या समोरा माशेल यांनी न्येरेरे यांच्या मदतीला एक पलटण पाठवली. केनियात केन्याटा नुकतेच वारले होते. नवे राष्ट्राध्यक्ष मोई तटस्थ राहिले.

कंपालाला वेढा पडत असताना न्येरेरे यांनी पूर्वेचा, जिंजाकडे जाणारा रस्ता मुद्दाम मोकळा ठेवला. लिबियन सैनिकांना निघून जाता यावे, म्हणजे अरब-आफ्रिकी वैराचे नवे बी पेरले जाऊ नये, हा त्यामागचा विचार. युद्ध करतानाही पुढच्या शेजारधर्माचा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू होता. ११ एप्रिलला कंपाला पडले. अमीन पळाला, आधी लिबियात आणि मग सौदी अरेबियात. तिथेच तो २००३ मध्ये मेला.

युगांडाचे लोक रस्त्यावर नाचले. आफ्रिकेच्या पुढाऱ्यांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. त्या वर्षी जुलैत मन्रोव्हियाच्या परिषदेत सुदान आणि नायजेरियाच्या प्रमुखांनी टांझानियालाच खडसावले. एका राष्ट्राने दुसऱ्याचे सरकार उलथवले, हा पायंडा त्यांना धोक्याचा वाटला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पण लाखो माणसे मरत असताना गप्प बसणाऱ्या संघटनेला अचानक नियम आठवावा, याचे न्येरेरे यांना वैषम्य वाटले असेल तर नवल नाही.

युद्धाचा खर्च सुमारे ५० कोटी डॉलर धरला जातो. तो भरून द्यायला कोणी पुढे आले नाही. आधीच सक्तीच्या ग्रामवसाहतींनी शेती खिळखिळी झाली होती. त्यात तेलाचे भाव कडाडले, दुकानांतून साबण आणि साखर दिसेनाशी झाली. आणि ज्या युगांडासाठी हे केले तिथे काय झाले? युसुफ लुले ६८ दिवसांत गेले, बिनाइसा वर्षभरात गेले, आणि डिसेंबर १९८० च्या वादग्रस्त निवडणुकीत पुन्हा ओबोटे आले. न्येरेरे यांच्या मित्रप्रेमाची ही किंमत युगांडाने मोजली. ओबोटेंच्या दुसऱ्या कारकिर्दीत यादवी माजली आणि माणसे अमीनच्या काळाइतकीच निर्दयपणे मारली गेली. शत्रू ओळखण्यात न्येरेरे चुकले नव्हते. मित्राची पारख करण्यात ते चुकले, असे म्हटल्यावाचून गत्यंतर नाही.

१९८५ मध्ये ते स्वतःहून राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले. बुटियामात शेती करू लागले. गरीब देशांच्या दक्षिण आयोगाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा आयोगाचे सरचिटणीस होते डॉ. मनमोहन सिंग. भारत सरकारचा पहिला आंतरराष्ट्रीय गांधी शांतता पुरस्कार १९९५ मध्ये त्यांनाच मिळाला.

शेजाऱ्यांनी मात्र त्यांना निवृत्त होऊ दिले नाही. एप्रिल १९९४ मध्ये रवांडाचे राष्ट्राध्यक्ष दार-ए-सलामची बैठक आटोपून परतत असताना त्यांचे विमान पाडले गेले आणि तिथे नरसंहार सुरू झाला. त्या महिन्याअखेर एका दिवसात सुमारे अडीच लाख माणसे रुसुमोचा पूल ओलांडून टांझानियात आली. बुरुंडीतही हुतू आणि तुत्सी यांची यादवी पेटली होती. जुलै १९९६ मध्ये तिथे लष्करी उठाव झाला, तेव्हा शेजारच्या देशांनी अरुशात जमून बुरुंडीवर आर्थिक निर्बंध घातले. मध्यस्थ होते न्येरेरे. तुत्सी गटांना ते हुतूंकडे झुकलेले वाटत आणि ते तसे बोलूनही दाखवत. म्हातारा मास्तर तरीही १९९८ च्या जूनपासून भांडणाऱ्या पक्षांना अरुशात एका टेबलाशी बसवत राहिला. रिकाम्या खुर्चीची किंमत त्यांना आता ठाऊक झाली होती.

तो करार त्यांना पाहता आला नाही. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनच्या रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. काम नेल्सन मंडेलांनी हाती घेतले आणि बुरुंडीचा करार ऑगस्ट २००० मध्ये अरुशातच झाला. न्येरेरे यांना बुटियामात दफन केले, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, ३० नोव्हेंबर १९९९ रोजी, केनिया, युगांडा आणि टांझानियाच्या राष्ट्राध्यक्षांनी अरुशात नव्या पूर्व आफ्रिकी समुदायाच्या करारावर सह्या केल्या. नंतर त्यात रवांडा, बुरुंडी, दक्षिण सुदान, काँगो आणि २०२४ मध्ये सोमालियाही आला. संघराज्याचे उद्दिष्ट त्या करारात लिहिलेले आहे. त्याच २०२४ च्या जानेवारीत बुरुंडीने रवांडाकडची आपली सरहद्द बंद केली.

२००५ मध्ये कॅथलिक चर्चने न्येरेरे यांना संतपद देता येईल का, याची चौकशी सुरू केली. त्यासाठी प्रार्थना करायला बुटियामाकडचे यात्रेकरू सरहद्द ओलांडून कंपालाजवळच्या नामुगोंगोला, युगांडाच्या हुतात्म्यांच्या तीर्थस्थळी, जाऊ लागले. दिवस ठरला १ जून. तिथे त्यांच्याबरोबर प्रार्थनेला युगांडाची माणसे असतात.